सहा महिन्यांचा करार

भिलाई, सेक्टर १०
४ मे २०२५

सत्यशीला आत्यांना,
सप्रेम जय भीम.

आई गेली तेव्हा तुम्ही मले चार ओळींचा मेल पाठवला होता. त्याले सात वर्षं झाली. आज त्याच मेलवर उत्तर देऊन राहिली. तेव्हा काय लिहावं ते सुचलं नाही, मग उशीर झाला, आणि मग उशिराचीच लाज वाटू लागली. हा पत्ता अजून चालू आहे का, ते पण माहीत नाही.

मी संघमित्रा. तुमच्या देवीदासदादाची मुलगी. तुम्ही मले शेवटचं पाहिलं तेव्हा मी आठवीत होती, आता एकोणतीसची आहे. शाळा सगळी हिंदीत झाली, मराठी फक्त घरातली. चुका झाल्या तं सांभाळून घ्या.

काम असं आहे. मी रायपूरहून समाजकार्यात एम.ए. केलं. सहा वर्षांपासून एका लहान संस्थेत आहे. ऑफिस जामुलले, काम अहिवाऱ्याकडच्या गावांत. हँडपंप, पाण्याची तपासणी, पाणी समित्या. आता मले तुमच्यासारखं काम करायचं आहे, बाहेरच्या देशात, मोठ्या मदत संस्थेत. दीड वर्षात एकतीस ठिकाणी अर्ज केले. मशीननं पाठवलेला ‘आपला अर्ज मिळाला’ सोडून एकाचंही उत्तर नाही. माझ्या अर्जात काय चुकते, हे सांगणारं इथं कोणी नाही. कोणाले विचारलं तं म्हणतात, ‘बँकेची परीक्षा दे ना.’

सोबत माझा बायोडेटा जोडला आहे. वेळ मिळाला तं पाहाल.

पप्पा मजेत आहेत.

संघमित्रा


जुबा, दक्षिण सुदान
९ मे २०२५

संघमित्रा,

पत्ता चालू आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिले एक गोष्ट: मले अहो-जाहो करू नको. अकराव्या वर्षी मी पोरकी झाली, तेव्हा तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या काकूनं, मले दादाच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये आणलं. दादानं मले सायकल शिकवली. त्या घरात मले कोणी ‘तुम्ही’ म्हणलं नाही.

आता तुझा बायोडेटा. चार पानं आहे. कोणी वाचणार नाही. दोन कर. सुरुवातीचा ‘मला लहानपणापासून सेवेची आवड’ हा सगळा परिच्छेद काढून टाक. आवड सगळ्यांनाच असते. ते विचारतात, तू काय केलं. किती गावं, किती लोक, पाणी किती लांबून आणत होते आणि आता किती लांबून आणतात. ‘ग्रामस्थांमध्ये जागृती केली’ म्हणजे काय केलं, ते माझ्या पण ध्यानात आलं नाही.

एकाच मजकुराचे एकतीस अर्ज म्हणजे एकच अर्ज. प्रत्येक जाहिरातीत ते काय मागतात ते वाच आणि त्यांच्याच शब्दांत उत्तर दे. लहान मुदतीच्या जागा पाह्य, तीन महिने, सहा महिने. जिथं जायले लोक तयार नसतात तिथल्या. पहिलं दार तिथंच उघडते. संदर्भासाठी ज्यांची नावं देशील त्यांना आधी सांगून ठेव. माझं नाव देऊ नको, नातेवाईक चालत नाही. आणि कोणी नोकरी लावून देतो म्हणून फी मागितली तं तो चोर समज.

एक विचारू? तुले खरंच कावून जायचं आहे, कशासाठी? अर्जासाठी नाही विचारत.

दादा माझी कधी आठवण काढते का?

सत्या आत्या


भिलाई, २ जून २०२५

आत्या,

तू म्हणली तसं केलं. अकरा गावांत पुन्हा फिरली, मोजायले. लाजच वाटली. सहा वर्षं काम केलं आणि आकडा विचारला तं मले सांगता आला नसता. उन्हात गाडी चालवून चालवून हात काळे झाले, पण आता दोन पानांत सगळं बसलं. त्यातला प्रत्येक आकडा मी डोळ्यानं पाहिलेला आहे.

नऊ अर्ज केले. सातांचं काही नाही. एकानं ‘नाही’ म्हणून कळवलं, आणि तुले हसू येईल, मले आनंद झाला. माणसानं लिहिलेलं होतं, माझं नाव बरोबर लिहिलं होतं. नववा अजून यायचा आहे.

त्या मोजणीत एक गोष्ट समजली. अहिवाऱ्याच्या पुढं एका गावात आम्ही बोअर मारून दिली होती. माझं सगळ्यात चांगलं काम, असं मी समजत होती. शेवटच्या पाड्यातली देवकुंवर नावाची बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन येताना दिसली. मी विचारलं, बोअर असून इतक्या लांबून कशी? ती छत्तीसगढीत म्हणली, ‘हमन ला कोनो नइ पूछिस, नोनी.’ आम्हाले कोणी विचारलंच नाही, पोरी. मी बैठक घेतली होती दुपारी. त्या पाड्यातल्या बाया तेव्हा मजुरीले जातात. गावातल्या मोठ्या आवाजाच्या लोकांनी आपल्या दारापाशी जागा ठरवली, आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘सर्वांच्या संमतीने’. वरून मी कोण, रामटेक्यांची मुलगी! आपल्या आजोबांच्या गावात पाण्याचं काय होत होतं, ते मी घरी ऐकत मोठी झाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर लिहीन. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी पुण्याले, रायपूरले, एक कॅनडात. सेक्टरमधली बरीच क्वार्टरं बंद पडली आहेत. शेजारच्या वच्छला काकू सोडल्या तं मले नावानं हाक मारणारं फारसं कोणी राहिलं नाही.

पप्पा ठीक.

संघमित्रा


जुबा, १० जून २०२५

संघमित्रा,

देवकुंवरची गोष्ट सांभाळून ठेव. मुलाखत आली तं एक प्रश्न नक्की येतो: तुमच्या हातून झालेली चूक सांगा. सगळे लोक अशी चूक सांगतात जी खरं म्हणजे कौतुकच असते. ‘मी फार जास्त काम करते.’ ऐकणाऱ्याले झोप येते. तू ही सांग. आणि मग काय केलं, ते पण. काही केलं नसेल तं मुलाखतीच्या आधी कर.

दादाबद्दल मी विचारलं, तू फक्त ‘ठीक’ लिहिलं. समजलं. २०११ मध्ये काकू गेली तेव्हा मी अशा जागी होती की तिथून निघायले बारा दिवस लागले. निघता निघता फोन केला, तं दादा म्हणला, ‘आता येऊ नको.’ मी नाही आली. मग २०१९ मध्ये हिंमत करून घरच्या फोनवर फोन लावला. त्यानंच उचलला. मी म्हणली, ‘दादा, मी सत्या.’ तो दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणला आणि ठेवून दिला. मी पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. त्याच्यानंतर मी कधी केला नाही.

हे तुले सांगायचं नव्हतं. तू मनावर घेऊ नको. अर्ज करत राहा.

सत्या


भिलाई, २१ जुलै २०२५

आत्या!

झाली! मुलाखत झाली! नवव्या अर्जाची.

पडद्यावर तिघं होते. एक केनियाची बाई, एक गोरा माणूस, एक कोणी बोललाच नाही. मी बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. पहिल्या दहा मिनिटांत माझा आवाज मलेच ओळखू येईना. तेवढ्यात पप्पांनी हॉलमध्ये टीव्ही लावला, भल्ला मोठ्यानं, बातम्या! मी ‘एक मिनिट’ म्हणून धावत जाऊन बंद केला. परत येऊन बसली तं ती बाई हसून राहिली होती. म्हणली, ‘माझे वडीलही असेच.’ त्यानं भीती थोडी गेली.

मग तो प्रश्न आला. मी देवकुंवरचं सांगितलं. सांगताना इंग्रजी अडखळली, पण थांबली नाही. म्हणली, बोअर हलवता येत नव्हती. मागच्या महिन्यात संध्याकाळी सहा वाजता पुन्हा बैठक घेतली, त्या पाड्यातच, निंबाखाली. बाया आल्या. आता पाइप टाकून तिकडं नळ न्यायचं ठरलं आहे. अर्धी खोदाई झाली.

त्या बाईनं विचारलं, ‘ही चूक तुम्ही तुमच्या अहवालात लिहिली होती का?’

मी म्हणली, ‘नाही. मले तेव्हा दिसलीच नव्हती. घरच्यांशिवाय आज पहिल्यांदा कोणाले सांगून राहिली.’

मग तो न बोलणारा माणूस काहीतरी लिहू लागला.

आता खरी गंमत ऐक. जागा कुठली आहे माहीत आहे? दक्षिण सुदान! सरहद्दीजवळ रेंक म्हणून गाव, पलीकडच्या सुदानातल्या लढाईतून निघून आलेले लोक तिथं उतरतात, त्यांच्या पाण्याचं काम. जाताना जुबावरूनच जायचं. म्हणजे झाली निवड तं तू मले विमानतळावर घ्यायले येशील ना? मी कोणाले तुझं नाव सांगितलं नाही. पण मनात म्हणली, तिथं आपलं माणूस आहे.

संघमित्रा


भिलाई, ३ ऑगस्ट २०२५

आत्या,

निवड झाली. सहा महिन्यांचा करार, पुढं वाढू शकते असं लिहिलं आहे. पंचवीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं. मले वाटलं होतं तुझं पत्र येईल. दोन आठवडे झाले. बरी आहेस ना? मी काही चुकीचं लिहिलं का?

संघमित्रा


नागपूर, इंदोरा
६ ऑगस्ट २०२५

संघमित्रा,

वर गावाचं नाव पाहिलं असशील. चुकून नाही लिहिलं.

मी जुबात नाही. एप्रिलपासून इथं आहे, इंदोऱ्यात, एका घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं. तुझं पहिलं पत्र मले इथंच मिळालं. तुझ्यापासून रेल्वेनं चार-पाच तासांवर.

या वर्षी वरून निधी थांबला. आमच्याच नाही, कित्येक संस्थांचा. मार्चमध्ये एका मंगळवारी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. आम्ही चाळीस जण. आधीच सूचना आली होती, माइक बंद ठेवा. एक बाई कागद पाहून वाचत गेली, पंधरा मिनिटं. मग पडदा काळा झाला. एकोणीस वर्षं. माइक बंद होता म्हणून मी ‘थँक यू’ म्हणली ते पण कोणाले ऐकू गेलं नाही. कावून म्हणली, ते आता समजत नाही.

तुले खोटं कावून लिहिलं? तुझं पत्र आलं तेव्हा इथं येऊन मले तीन आठवडे झाले होते. दिवसभरात बोलणं व्हायचं ते भाजीवाल्याशी. मेथी ताजी आहे का, हे मी त्याले दोनदा विचारायची, फक्त आवाज निघावा म्हणून. अन् अचानक कोणी आपली पोरगी मले विचारून राहिली, आत्या, कसं करू? ‘मी काढून टाकलेली बाई आहे’ असं लिहिलं असतं तं तू दुसरं पत्र लिहिलं असतं का? एकदा ‘जुबा’ लिहिलं, मग दुसऱ्यांदा लिहावंच लागलं. तुले तिथलीच जागा मिळेल, हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

विमानतळावर मी नसणार. पण जे शिकवलं त्यातलं काही खोटं नव्हतं. आता हे पण शिकून घे: हे लोक चांगले असतात, काम खरं असते, आणि एका मंगळवारी संपते. जायचं तं हे माहीत ठेवून जा.

दादानं मुलाखतीच्या वेळी टीव्ही मुद्दाम लावला असेल. त्याले कोणाचं जाणं आवडत नाही. माझं पण नव्हतं आवडलं.

माफ कर.

सत्या


भिलाई, १८ ऑगस्ट २०२५

आत्या,

बारा दिवस तुले उत्तर दिलं नाही. पहिले चार दिवस रागानं. तुझ्या जुबाचं हवामान मी मोबाइलवर रोज पाहायची, माहीत आहे? तिकडं पाऊस दिसला की म्हणायची, आत्या आज बाहेर जाऊ शकली नसेल. तू तं इंदोऱ्यात मेथी घेऊन राहिली होती!

मग दहा तारखेले पप्पांचा अपघात झाला. मार्केटमधून पायी येत होते. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला, पप्पा हलले नाहीत. गुडघ्याले मार आहे, हाड मोडलं नाही. तो पोरगा रडकुंडीले आला होता. म्हणे, ‘आंटी, मैंने चार बार हॉर्न मारा.’ खरंच मारला असेल.

आत्या, मी पण तुले खोटं लिहिलं. ‘पप्पा मजेत’, ‘पप्पा ठीक’. पप्पांना ऐकू येत नाही. आठ-नऊ वर्षांपासून कमी होत गेलं, आता जवळपास काहीच नाही. वयानं की प्लांटमधल्या मिलच्या आवाजानं, डॉक्टर पक्कं सांगत नाही. मशीन आणली, ते घालत नाहीत. लोकांना सांगायचं नाही अशी मले ताकीद आहे. मी जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहून त्यांच्याशी बोलते. ‘भाजी कोणती करू’. ‘गॅस बंद केला का’. टीव्ही त्यांनी मुद्दाम नाही लावला. मी आत बोलून राहिली हे त्यांना समजलंच नाही.

आणि २०१९ मध्ये तू फोन केला तेव्हाही त्यांना ऐकू येत नव्हतं. तू ‘दादा, मी सत्या’ म्हणली ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. तेव्हा ते घरचा फोन उचलायचे, दोनदा हॅलो म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. सगळ्यांचाच. मग मी फोनच काढून टाकला. हे मले जूनमध्येच तुझं पत्र वाचून समजलं होतं. मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तं तू म्हणली असती, अशा बापाले सोडून कुठं निघाली? दोन महिने मी तुले तसंच राहू दिलं. आता कोणी कोणाले माफ करायचं ते तूच सांग.

तू विचारलं होतं ना, खरंच कावून जायचं? ऐक. मी संध्याकाळी घरी येते, कुलूप उघडते, ‘पप्पा, मी आली’ म्हणते, आणि ते पाठमोरे बसलेले असतात. रोज म्हणते. रोज कोणी वळून पाहत नाही. मले अशा जागी जायचं होतं जिथं हाक मारली तं कोणी ओ देईल. हे काही अर्जात लिहिण्यासारखं कारण नाही. लोकांच्या दुःखाशी त्याचा संबंधही नाही.

पण आता त्यांचा पाय असा आहे. मी नाही म्हणून कळवणार आहे. परदेशात गेली तं फोनवर त्यांच्याशी बोलता पण येणार नाही.

संघमित्रा


नागपूर, १९ ऑगस्ट २०२५

नाही म्हणू नको. पंचवीसपर्यंत वेळ आहे.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येत आहे. मी नर्स आहे, गुडघा माझ्यावर सोड. दादाले कॅलेंडरवर लिहून सांग. त्यानं पुन्हा ‘येऊ नको’ म्हणलं तं मले कळवू नको, मी दारात येऊन ऐकीन.

सत्या


रेंक, दक्षिण सुदान
२८ सप्टेंबर २०२५

आत्या, पप्पा,

पोचली. हे आधीच कळवलं होतं, पण पत्र लिहायले आज रविवारी वेळ मिळाला.

गाव नदीकाठी आहे. सरहद्दीवरून ट्रक येतात, माणसं उभ्यानं भरलेली. उतरल्या उतरल्या लोक पहिले पाणी मागतात. आमच्या मोठ्या रबरी टाक्या आहेत, त्यांना नळ जोडलेले, आणि समोर पिवळ्या डब्यांची रांग. माणूस सावलीत बसते आणि त्याच्या जागी डबा उभा राहते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी विचारलं, शेवटच्या तंबूतल्या बायांना पाणी कधी भरायले सोयीचं आहे? माझ्यासोबतचा दुभाषी म्हणला, हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी बरं वाटलं.

बाकी दिवस कसे जातात ते खरं लिहू का? सहानंतर आवाराच्या बाहेर जाता येत नाही. जेवताना सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. सगळे भल्या मनाचे आहेत, माझं नाव मात्र कोणाले म्हणता येत नाही. मले ‘सॅम’ म्हणतात. दिवसभर इंग्रजी, थोडी अरबी. काल टाकीजवळ कोणी नाही पाहून मी मोठ्यानं म्हणली, ‘काय वो संघमित्रा, जेवली का?’ आणि मलेच रडू आलं. मी विचार केला होता की इथं कोणी ओ देईल. इथं शंभर जण हाक मारतात, पण ती पाण्यासाठी. माझ्यासाठी नाही.

लाज वाटते लिहायले. समोरची बाई घर जळताना सोडून आली, तीन लेकरं घेऊन, आणि मी असं लिहून राहिली. पण पप्पा, मी राजीनामा दिला तं चालेल का? महिन्याची सूचना देऊन परत येता येते.

आत्या, एक सांगायचं राहिलं. तू आली त्या दिवशी पप्पांनी पहाटेच दाढी केली होती, लंगडत लंगडत. कॅलेंडरवर मी लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. दारात तू त्यांच्या पाया पडली, ते आत निघून गेले, आणि तुले वाटलं अजून राग आहे. तू आंघोळीले गेली तेव्हा ते मले हळूच म्हणाले (त्यांच्या मते हळू, वच्छला काकूलेही ऐकू गेलं असेल), ‘हिचे केस पिकले वो. मी तं पोट्टीची वाट पाहून राहिलो होतो.’

संघमित्रा


भिलाई, १४ ऑक्टोबर २०२५

संघमित्रा बेटा,
जय भीम.

मी कागदावर लिहून राहिलो. सत्या फोटो काढून पाठवते म्हणाली. अक्षर बिघडलं आहे, हळू वाच.

गुडघा चांगला आहे. सत्या रोज व्यायाम घेते, पोलिसासारखी. कानाचं मशीन पण तिच्या सांगण्यावरून चार दिवस घातलं. पंख्याचा आवाज विमानावाणी येते आणि माणसाचा येत नाही. काढून ठेवलं. ती रागावली. मी पण रागावलो. दोन दिवस कॅलेंडरवर कोणीच काही लिहिलं नाही. मग तिनं लिहिलं, ‘चहा?’

मी तिले २०११ मध्ये जे म्हणलो ते रागानंच म्हणलो होतो, तिचा गैरसमज नव्हता. मायनं शेवटी तिचं नाव घेतलं होतं आणि ती नव्हती. राग वर्षभरात गेला. पण बोलवायचं कसं, ते मले येत नव्हतं. हे मी तिले लिहून दिलं. तिनं तो कागद घडी करून ठेवून दिला.

ती पण संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून अर्ज भरते. मले सांगत नाही, मी पाहिलं. बावन्न वर्षांची आहे. मिळालं तं जाईल. जाऊ दे. यावेळी मी काही वाकडं बोलणार नाही. तुम्ही दोघी माझ्या भरवशावर आपलं आयुष्य बांधून ठेवू नका. वच्छलाबाई आहेत, त्या खिडकीतून हात हलवतात.

आता तू जे विचारलं ते.

मी भिलाईले आलो १९८१ मध्ये, वीस वर्षांचा होतो. पवनीच्या बाजूच्या आपल्या गावातून एकटा. खोलीत आम्ही आठ जण, एक ओडिशाचा, एक आंध्राचा, बाकी यूपी-बिहारचे. मले हिंदी येत नव्हती. ते वाईट नव्हते, पण हसायचे. पहिल्या पाळीची ड्यूटी संपली की मी सायकल घेऊन दुर्ग स्टेशनवर जायचो. नागपूरकडून गाडी आली की उतरणाऱ्या लोकांत कोणी ना कोणी मराठी बोले. ‘अरे, पेटी धर.’ ‘माय कुठं राहिली?’ एवढंच. ते ऐकायचो आणि परत यायचो. कोणाशी एक शब्द बोललो नाही. हे मी तुझ्या आईले पण कधी सांगितलं नाही.

गावाले माझ्या मायले चिठ्ठी लिहायचो, इथं सगळं छान आहे, जेवण छान आहे, दोस्त पुष्कळ आहेत. एक पण दोस्त नव्हता. मायले वाचता येत नव्हतं, ती दुसऱ्याकडून वाचून घे आणि साऱ्या वस्तीले सांगे, माझा देवीदास किती मजेत आहे. मग मी परत कोणत्या तोंडानं जाणार होतो? मी थांबलो ते हिमतीनं नाही, त्या चिठ्ठ्यांमुळं थांबलो.

तू खरं लिहिलं, बरं केलं. तुले जेव्हा यायचं तेव्हा ये, कोणाले काही सांगायची गरज नाही. मी कोणाजवळ तुझी बढाई मारून ठेवली नाही.

फक्त एवढं ऐक. एक दिवस मी स्टेशनवर गेलो नाही. कावून, ते आठवत नाही. ड्यूटी लांबली असेल, सायकल पंक्चर असेल. दुसऱ्या दिवशी पण गेलो नाही. आठवड्यानं ध्यानात आलं, आपण आता जाऊन नाही राहिलो.

त्याले सात महिने लागले होते. तुझा करार सहाचाच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पप्पा